जागलीचा महिना

रात्री वावरात राखणीला जाण्याला आमच्याकडे जागल म्हणतात. वावरात जाऊन घोंगडं पांघरून घोरत पडला, तर त्याला कोणी जागलीला गेला होता असं म्हणत नाही. डोळे उघडे ठेवावे लागतात, कान त्याहून जास्त. २०२५ चा जानेवारी मी जवळजवळ सगळा जागलीत काढला. त्यातल्या थोड्याच रात्री वावरातल्या होत्या. सोयऱ्याधायऱ्यांचे फोन येतात, नवीन वर्ष कसं लागलं म्हणून विचारतात. मी 'ठीक आहे' म्हणतो आणि ठेवून देतो. पण ठीकच्या आत बरंच काही आहे, म्हणून आज निवांत बसून लिहितो आहे.

आमच्या केळापूरचं नाव तालुक्याला आहे, पण तहसील, कचेऱ्या, बाजार सगळं पांढरकवड्याला. आमच्याकडे आहे ती जगदंबा आणि महामार्ग. नवरात्रात देवीला येणाऱ्यांची रीघ लागते, बाकीचं वर्षभर ट्रकांची. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता, पूर्वीचा सात नंबर, आताचा चव्वेचाळीस. नागपूरकडून येतो, टोलनाक्यावर जरासा थबकतो आणि पाटणबोरीवरून पुढे पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. आमचं घर रस्त्याच्या अल्याड, वावर पल्याड. रस्ता दोन पदरी होता तेव्हा बाबा बंडी हाकत पलीकडे जायचे, बैलांना रस्त्याची सवय होती. चार पदरी झाला, मधे दुभाजक आला, त्यावर कण्हेरीची झुडपं आली आणि वावर एकदम लांब गेल्यासारखं झालं. अंतर तेवढंच आहे. पण बंडीला आता फेरा पडतो आणि पायी माणसाला दोनदा जीव मुठीत धरावा लागतो.

३१ डिसेंबरची रात्र. सोमवारी अमावस्या झालेली, त्यामुळे अंधार असा की स्वतःचा हात दिसू नये. हरभरा घाट्यांवर आला होता, तूर वाळत होती, पऱ्हाटीची शेवटची वेचणी बाकी होती. या दिवसांत रानडुकरांचा कळप एकदा शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. झटका मशीन आहे, तारा आहेत, पण डुकरं तारेखालून उकरून येतात आणि रोही वरून उडी मारतात. शेवटी माणूसच लागतो. माझी पाळी होती, पण दुपारभर तुरीच्या पेंढ्या बांधून मला कणकण आली होती. बाबा म्हणाले, "तू झोप. मी जातो." बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. सोबतीला पोडावरचा दादा होता, म्हणून मी गप्प बसलो.

हा दादा कोलाम. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात, टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेकडेने असे कितीतरी पोड आहेत. सरकारी कागदात महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमाती लिहिलेल्या आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. वीसेक वर्षं आमच्या वावरात आमच्याबरोबर जागतो आहे. झोप यायला लागली की तो आपल्या कोलामी बोलीत स्वतःशीच काहीतरी मोजत राहतो. मला त्यातलं अवाक्षर कळत नाही. मराठीशी त्या बोलीचं नातंच नाही, ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली. पण ते मोजणं कानावर पडलं की मला धीर येतो. मी नवा नवा जागलीला जायला लागलो तेव्हा त्यानेच शिकवलं होतं, "भाऊ, डुक्कर काठीले नाही भेत. जाग्या माणसाले भेते."

बारा वाजता धाब्यावर फटाके सुरू झाले. त्या आवाजाने बिथरलेला कळप उलट्या दिशेने पळाला तो थेट आमच्या तुरीत. बाबा मचाणावरून उतरले, डबा वाजवत धुऱ्याने निघाले आणि धुरा जिथे नाल्याकडे उतरतो तिथे त्यांचा पाय घसरला. दीड वाजता दादाचा फोन आला. "भाऊ, बाबाजी पडला. उठून नाही राह्यला."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, पण एक तुकडा अगदी स्वच्छ आहे. मी अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकावर उभा आहे, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताने कण्हेरीची फांदी धरलेली. समोरून गाड्यांची रांग. नवीन वर्ष साजरं करून परतणारे, हैदराबादकडे निघालेले ट्रक, एक लांबलचक कंटेनर. प्रत्येक गाडीच्या वाऱ्याने कण्हेर हलते आणि मीही हलतो. शंभर-सव्वाशे पावलांवर माझा बाप नाल्यात पडलेला आहे, दादाच्या बॅटरीचा ठिपका मला दिसतो आहे आणि मला जाता येत नाही. किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. दोन-तीन मिनिटंच असतील. ती मिनिटं अजून संपलेली नाहीत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दादाने आणि मी त्यांना घोंगड्यात घालून रस्त्यापर्यंत आणलं. १०८ ची गाडी आली. पांढरकवड्याला फोटो काढला आणि पहाटे मोहदा, जोडमोहा करत यवतमाळ गाठलं. बाबा वाटेत एकच विचारत होते, "डुकरं निंगाले का?" मी म्हणालो, निघाले. खरं तर त्यांच्याकडे पाहिलंच कोणी नव्हतं.

४ तारखेला ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की म्हाताऱ्या माणसाला भूल दिल्यावर दोन-चार रात्री भ्रम होऊ शकतो, घाबरू नका. तरी घाबरलोच. त्या रात्री मी खाटेखाली सतरंजी टाकून पडलो होतो. दवाखान्यातली रात्र कशी असते ते ज्यांनी काढली त्यांना सांगायला नको. दिवा विझत नाही, कोणाची तरी सलाईन संपते, कोणाची तरी बायको चप्पल फटफटत सिस्टरला बोलवायला जाते. प्रत्येक खाटेखाली एक माणूस अर्धवट जागा. वॉर्डभर जागलच होती ती, फक्त मचाणं उलटी झालेली, राखणदार खाली आणि पीक वर.

अडीचच्या सुमाराला बाबा एकदम बोलायला लागले. आवाज खणखणीत. "बापू, खालच्या अंगाले शिरले पाय. हाकल. हाकल ना!" हात उचलून डबा वाजवायला लागले. सलाईनची नळी ताणली गेली. मी उठून त्यांना समजावलं, बाबा, हा दवाखाना आहे, यवतमाळ आहे, वावर नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पीक खाऊ देतो आहे. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "अरे, साऱ्या सालाचं हाये थे."

मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो, वॉर्डाच्या दाराकडे तोंड केलं आणि हाकाललं. "हुर्र... हाऽ हाऽ... हुर्र..." वावरात हाकालतो तसं, फक्त आवाज गळ्यातच ठेवून. लोखंडी खाटेवर बोटांनी डबा वाजवल्यासारखं वाजवलं. शेजारच्या खाटेवरचा पोरगा उठून बसला. त्याची आई कळंबकडची, कापूसवालीच. तिने मला काहीही विचारलं नाही. तीही हळूच म्हणाली, "हुर्र... गेले जी बाबाजी, गेले." बाबांनी दाराकडे पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटले. सकाळपर्यंत उठले नाहीत.

सिस्टर आवाजाने आल्या होत्या, दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी सलाईन सारखी केली, नळीवर नवी चिकटपट्टी लावली आणि जाताना म्हणाल्या, "उद्याही शिरले तर असंच हाकला." दुसऱ्या रात्रीही शिरले. तिसऱ्या रात्री नाही.

दिवसा बाबा अगदी शुद्धीवर असायचे. शेजारच्याचा पेपर मागून घ्यायचे आणि मला वाचायला लावायचे. त्या दिवसांत पेपरात आमच्याच भागाची बातमी होती. टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जाऊन पोचला होता. डिसेंबरात कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला, अंगावरच्या पट्ट्यांवरून तो टिपेश्वरचा असल्याचं ओळखलं आणि आता त्याला धरायला ताडोबाकडून माणसं जात होती. साडेचारशे-पाचशे किलोमीटरची वाट. मधे कितीतरी नद्या, कितीतरी रस्ते, ऊस, सोयाबीन, तुरी आणि त्या सगळ्यांत माणसं.

आमच्याकडे अशी वाट चालणारा हा पहिला नव्हे. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरचाच एक तरणा वाघ निघाला होता, गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. आदिलाबादकडून, नांदेड-हिंगोलीकडून फिरत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं चालणं मोजलं तेव्हा तीन हजार किलोमीटरच्या वर भरलं. टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. वाघीण तिथे पिल्लं वाढवते, पण पिल्लू वयात आलं की त्याला स्वतःची हद्द लागते आणि ती तिथे शिल्लक नसते. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जागा पाह्यत असन बिचारा. कोणाच्या बी वावरात झोपला नसन निवांत."

वाघाविषयी इतक्या मायेने बोलणं आमच्या भागात सोपं नाही. २०१८ साली अवनी नावाची वाघीण बोराटीच्या जंगलात गोळी घालून मारली, २ नोव्हेंबरच्या रात्री. तिच्यावर तेरा माणसं मारल्याचा ठपका होता. ते जंगल राळेगाव तालुक्यातलं आणि आमच्या हद्दीलगतचं. तिला मारणं बरोबर की चूक यावर मुंबई-दिल्लीत भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्याकडे तिला मारण्याआधीच्या दोन वर्षांत जागली बंद पडल्या होत्या. कापूस वेचायला बाया घोळक्याने जायच्या, एक जण वेचायची नाहीच, नुसती उभी राहून चौफेर पाहायची. ती भीती ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वाघाचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. पण याच जानेवारीत टिपेश्वरच्या एका वाघिणीच्या गळ्यात कित्येक महिने रुतून बसलेला तारेचा फास वनखात्याच्या पथकाने तिला बेशुद्ध करून काढला, हेही वाचलं आणि मला मनापासून बरं वाटलं. फास डुकरासाठी लावलेला असेल, नाहीतर हरणासाठी. आमच्यासारख्याच कोणीतरी, रात्रभर जागायचा कंटाळा येऊन. म्हणून मी तार लावत नाही, दादाही लावू देत नाही. जागणं हाच त्यावर इलाज आहे, असं मी ठामपणे सांगतो, त्याची किंमत आमच्या घराने मोजली असली तरी.

११ तारखेला बाबांना घरी आणलं. घरात मुलगी बाळंतपणाला आलेली, नववा पुरा होत आलेला. तिला आम्ही आदिलाबादला दिली आहे. पैनगंगेच्या पलीकडे राज्य बदलतं पण घरात मराठीच बोलतात, दुकानात तेलुगू. आजोबा खाटेवर एका खोलीत, नात पोट सांभाळत दुसऱ्या खोलीत आणि मधल्या ओसरीत माझी बायको, दोन्हीकडे कान लावून. तिची जागल तर मोजायचीच राहिली. या महिन्यात तिला मी आडवी झालेली पाहिलीच नाही.

१३ ला पौर्णिमा होती, शाकंभरी पौर्णिमा, आणि भोगीही त्याच दिवशी. रात्री नऊला कळा सुरू झाल्या. परत १०८, परत पांढरकवड्याचा सरकारी दवाखाना. पण तेरा दिवसांपूर्वीची रात्र आणि ही रात्र यांत जमीन-अस्मानाचा फरक. चंद्र असा लखलखीत की रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर राहिलेली एकेक कवडी वेगळी दिसत होती. जावई आदिलाबादहून मोटारसायकलवर आले ते अंगाला धुराचा वास घेऊनच. त्यांच्याकडे भोगीला भल्या पहाटे दारात शेकोटी पेटवतात, जुनं सामान जाळतात, आणि त्या वासाचं जाकीट त्यांनी दिवसभर बदललं नव्हतं. आम्ही दोघे बाकावर बसलो. ते तेलुगूत देवाचं नाव घेत होते आणि मला का कोण जाणे, दादासारखं मोजावंसं वाटत होतं. मी पंचवीसपर्यंत मोजायचो आणि परत एकपासून.

चारला वीस मिनिटं कमी असताना आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. परिचारिकेने तिला माझ्या हातात दिलं तेव्हा तिच्या मुठी आवळलेल्या होत्या आणि डोळे टक्क उघडे. इतके उघडे डोळे मी नवजात लेकराचे पाहिले नव्हते. केस ओले, कानाच्या पाळ्या कापसाच्या पाकळीसारख्या, इतक्या पातळ की दिव्याचा उजेड आरपार.

सकाळी घरी बातमी पोचली आणि आळीतल्या एक-दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या, संक्रांतीच्या दिवशी पोर झाली, तीही पोरगी. 'संक्रांत येणे' हा आपल्या भाषेत वाईटच शब्द आहे. बाबांनी ते आतून ऐकलं. खाटेवरून त्यांचा आवाज आला, तोच खणखणीत, पण आता भ्रमातला नव्हे. "सूर्य वळते आजच्या दिवशी. दिवस वाढाले लागते. त्यात वाईट काय हाये?" कोणी उत्तर दिलं नाही. तिळगूळ वाटला.

आता पैशांचं सांगतो, कारण त्याशिवाय हे खरं होणार नाही. ऑपरेशनला जे लागले ते सोसायटीचे आणि उसने. कापूस घरात पडून होता, अठरा क्विंटल. व्यापारी क्विंटलला सात हजारांच्या आसपास मागत होता. सरकारचा २०२४-२५ चा हमीभाव लांब धाग्याला ७५२१ होता. तो हवा तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर जिनिंगच्या दारात रांग लावावी लागायची, सातबारा, आधार, पासबुक घेऊन. २१ तारखेला ट्रॅक्टर लावला. माझ्यापुढे चाळीसेक गाड्या होत्या. रात्र तिथेच काढली, ट्रॉलीत, कापसावर.

कापसावर ज्याने थंडीत रात्र काढली आहे त्यालाच त्याची ऊब माहीत. वरून ताडपत्री, खाली कापूस, पाय खुपसले की जणू एखादं जनावर शेजारी श्वास घेतं आहे. सरकीचा तेलकट वास. ताडपत्री मात्र पहाटे सारखी झटकावी लागते, कारण दव आत शिरलं की ओलावा वाढतो. केंद्रावर मीटर लावून ओलावा पाहतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, वर एकेक टक्का गेला की भाव तेवढ्याने उतरतो, बाराच्या वर गेला की गाडी परत. रात्रभर आम्ही सगळे गाडीवाले त्या दवाची राखण करत होतो. दर तासाने कोणी ना कोणी उठायचा, आपली झटकायचा आणि शेजारचा झोपला असेल तर त्याचीही झटकायचा. माझी दोनदा कोणीतरी झटकली. कोण ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर लागला. मीटरने नऊ दाखवले. एका टक्क्याचे पंचाहत्तर रुपये गेले, बाकी भाव मिळाला. उसने फिटले, सोसायटीचे थोडे राहिले आहेत.

आणि या सगळ्या रात्री वावरात कोण होतं? दादा. एकटा. यवतमाळच्या रात्री, पांढरकवड्याच्या रात्री, केंद्रावरची रात्र. हरभऱ्याचा एक वाफा गेला, बाकी सगळा वाचला. २५ ला बारसं झालं, आत्याने कानात नाव सांगितलं. ते नाव आमच्यापाशीच राहू द्या. दादा बायकोला घेऊन आला होता, लेकरासाठी मोहाच्या लाकडाचं खेळणं घेऊन. मी त्याला बाजूला घेऊन रात्रींच्या मजुरीचं विचारलं. त्याने पाळण्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बाबाजी चालाले लागू दे. मंग पाहू." दोनदा विचारलं, दोनदा तेच. पैसे मी त्याच्या बायकोपाशी दिले. तिने मोजले नाहीत.

रथसप्तमीला, ४ फेब्रुवारीला, बाबा वॉकर घेऊन ओसरीपर्यंत आले. अजून त्यांना रात्री झोप नसते. बाळही रात्रीचं जागतं. म्हणून पाळणा त्यांच्या खाटेशेजारी ओढला आहे, दोरी त्यांच्या हातात. काल दोनला पाणी प्यायला उठलो तर ते पाळण्यावर वाकून हळूच म्हणत होते, "हुर्र... हाऽ... हुर्र..." आणि ती टक्क डोळ्यांनी ऐकत होती.

मी अजून एक दिवसाआड जागलीला जातो. दादा जातो, आमच्या रांगेतले आणखी आठ-दहा वावरवाले जातात. रात्री दहाला रस्ता ओलांडतो, पहाटे पाचला परत ओलांडतो. तुम्ही कधी रात्री नागपूरकडून येऊन केळापूरचा टोलनाका पार करून आदिलाबादकडे निघालात, तर दुभाजकाजवळ कण्हेरीत बॅटरीचा एक बारीक उजेड दिसेल. तो आमच्यापैकी कोणाचा तरी असतो. गाडी हळू करा आणि त्याला ओलांडू द्या.